पूर्वज कोठून आले? हाडांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

इतिहासाच्या तासाला कधी ना कधी एक प्रश्न येतोच : "सर, आपण मूळचे कुठले?" प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या घरी त्याचे एक उत्तर तयार असते. कुणी सांगतो, आमचे पणजोबा खानदेशातून आले. कुणाचे कुलदैवत मराठवाड्यात असते, कुणाच्या आडनावात दुसऱ्याच जिल्ह्यातील गाव असते. बुलडाणा जिल्ह्याची जागाच अशी आहे की खाली पूर्णेचे खोरे, वर घाट, एका बाजूस खानदेश, दुसऱ्या बाजूस मराठवाडा, आणि पूर्वेस वऱ्हाडचा बाकीचा मुलूख. माणसे आली असणार आणि गेलीही असणार. परंतु दोन-तीन हजार वर्षांपूर्वी कोण कोठून आले हे विचारले, तर घरची आठवण तेथवर पोचत नाही. तेथे साक्षीला उरतात ती भांडी, हत्यारे आणि माणसांची हाडे. ही साक्ष कशी घेतात आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार या लेखात आपण करणार आहोत.

सुरुवात एका चुकीपासून करू, कारण ती शिकवण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. एच. रिव्हेट-कार्नॅक हा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस-आयुक्त होता. त्या वेळी खामगाव ही वऱ्हाडची मोठी कापूसपेठ होती. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. या गृहस्थांना कापसाबरोबर जुन्या अवशेषांचाही नाद होता. १८६७ च्या सुमारास त्यांनी नागपूरजवळ जुनापाणी येथील शिलावर्तुळे उकरून पाहिली. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत मुरूम व मातीची भर, आणि त्याखाली लोखंडी हत्यारे, मडकी व पुरलेल्या माणसांचे अवशेष. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले होते. हे पाहून त्यांना आठवण झाली ती ब्रिटनमधील प्राचीन थडग्यांची आणि तेथील खळगे कोरलेल्या दगडांची.

असे वाटणारे ते एकटे नव्हते. दक्षिणेस शोरापूरच्या मुलखात काम केलेल्या कर्नल मेडोज टेलरने तशाच थडग्यांवर एक निबंध लिहिला. तो १८६२ मध्ये आयर्लंडच्या रॉयल आयरिश अकादमीने छापला. त्याच्या मथळ्यातच या दख्खनी अवशेषांना 'केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन' असे म्हटले होते. तर्क सरळ होता : थडगी सारखी, म्हणून ती बांधणारे लोक एकच, लोक एकच, म्हणून ते कोठून तरी निघून दोन्हीकडे पसरले असणार.

हा तर्क दोन ठिकाणी मोडतो. पहिले म्हणजे, ब्रिटनमधील शिलावर्तुळेच मुळी केल्ट लोकांची नव्हेत. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले ते इ.स.पू. २५०० च्या आसपास. ज्यांना पुरातत्त्वज्ञ केल्टिक संस्कृती म्हणतात ती मध्य युरोपात इ.स.पू. ८०० नंतरची. म्हणजे मधे दीड-दोन हजार वर्षांचे अंतर. दुसरे म्हणजे, आकाराचे साम्य हे नात्याचे प्रमाण नाही. शेतात गोटे भरपूर असतील आणि मृताची जागा राखायची असेल, तर माणूस भोवती गोटे गोलाकार मांडतो. त्यासाठी त्याने युरोपातून येण्याची गरज नाही.

विदर्भातील शिलावर्तुळांचा पुढे शिस्तीने अभ्यास झाला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे उत्खनन केले. त्यानंतर नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनने केली. माहुरझरीला घोड्याची हाडे व घोड्याला घालायचे तांब्याचे अलंकार मिळाले; नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. या लोकांचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० असा धरतात. म्हणजे युरोपातील केल्टांचे ते साधारण समकालीन होते, पण त्यांचे नातलग होते असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. तरीही 'हे घोडेस्वार लोहार येथलेच, की बाहेरून आलेले?' हा प्रश्न खरा आहे. तो केवळ मडक्यांवरून सुटत नाही. मडके विकत घेता येते, घोडाही विकत घेता येतो, आणि नवी रीत शेजाऱ्याकडून उचलता येते. माणूस स्वतः चालत आला की नाही हे त्याच्या देहालाच विचारावे लागते.

देहाला विचारण्याची पहिली पद्धत होती डोकी मोजण्याची. कवटीची लांबी-रुंदी घ्यायची, नाकाचे माप घ्यायचे, त्यांचे गुणोत्तर काढायचे आणि त्यावरून माणसाचा 'वंश' ठरवायचा. हर्बर्ट रिस्ले यांनी १९०१ च्या जनगणनेच्या निमित्ताने हिंदुस्थानातील जातींना अशी मापे लावून त्यांची उतरंड मांडली. पाठ्यपुस्तकांतून ती वर्गीकरणे पुष्कळ काळ शिकवली गेली. आमच्या पिढीतील अनेकांनी ती पाठ करून गुण मिळवलेले आहेत.

ही पद्धत का टिकली नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी स्थलांतरित कुटुंबांची मापे घेतली. युरोपात जन्मलेली मुले आणि त्याच आईबापांची अमेरिकेत जन्मलेली मुले यांच्या डोक्याच्या आकारात फरक पडतो असे त्यांना आढळले. आहार आणि परिस्थिती यांनी जी गोष्ट एका पिढीत बदलू शकते, ती हजारो वर्षांच्या वंशाची खूण कशी मानायची? महाराष्ट्राला जवळचे उदाहरण डॉ. इरावती कर्वे यांचे आहे. त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन करत होत्या. कवट्यांवरून वंशांची प्रतवारी लागावी ही त्या काळच्या तेथील विद्वानांची अपेक्षा. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसे काही निघाले नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्या व डॉ. ह. धी. सांकळिया यांनी गुजरातेत लांघणज येथे प्राचीन मानवी सांगाडे शोधले, तो आपल्याकडील या विषयाच्या पायाचा भाग आहे.

कवटीची मापे आजही घेतात. वय, लिंग, आजार, इजा यांसाठी ती उपयोगी आहेत. पण 'कोठला?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आज दाताकडे जातात.

दाताचे उत्तर समजायला थोडे खडकांकडे वळावे लागेल, आणि बुलडाण्याच्या शिक्षकांना ते सोपे जावे. खडकांमध्ये स्ट्रॉन्शियम नावाचे मूलद्रव्य अल्प प्रमाणात असते. त्याचे जे समस्थानिक आहेत त्यांपैकी दोन आपल्या कामाचे : ८६ आणि ८७ भाराचे. स्ट्रॉन्शियम-८६ चे प्रमाण कायम राहते. स्ट्रॉन्शियम-८७ मात्र वाढत जाते, कारण रुबिडियम-८७ हे किरणोत्सारी द्रव्य फार सावकाश त्यात बदलते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षे. म्हणून ज्या खडकात रुबिडियम जास्त आणि ज्याचे वय जास्त, त्यात ८७ चे ८६ शी गुणोत्तर मोठे. आपला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्राच्या हिशेबात कोवळाच. त्याच्या बहुतेक थरांत हे गुणोत्तर ०.७०४ ते ०.७१ च्या आसपास असते. अब्जावधी वर्षे जुन्या ग्रॅनाइट व पट्टिताश्मांत ते ०.७२ च्या पुढे जाते. फरक दिसायला किरकोळ आहे, पण उपकरणे पाचव्या दशांश स्थळापर्यंत मोजतात, तेव्हा हा फरक त्यांच्या दृष्टीने डोंगराएवढा.

खडक झिजून माती होते, मातीतून स्ट्रॉन्शियम ज्वारीत जाते, ज्वारीतून व पाण्यातून माणसात. रासायनिक दृष्ट्या ते कॅल्शियमचे भावंड असल्याने शरीर त्याला चुकून हाडादातांत बसवते. या सबंध प्रवासात ते गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. म्हणजे ज्या जमिनीचे अन्न खाल्ले त्या जमिनीचा शिक्का दातावर बसतो.

आता दातच का, हाड का नाही? हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरते. त्यात शेवटच्या दहा-वीस वर्षांचा हिशेब असतो. दाताचे एनॅमल एकदा तयार झाले की बदलत नाही. कायम दाढांपैकी पहिल्या दाढेचे एनॅमल जन्माच्या सुमारास बनू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरे होते. अक्कलदाढेचे काम किशोरवयात संपते. तेव्हा एकाच जबड्यात बालपणाची नोंद आहे, कुमारवयाची आहे, आणि हाडात अखेरच्या दिवसांची. तिन्ही सारखी निघाली तर माणूस बहुधा एकाच मुलखात वाढला व मेला. पहिली दाढ वेगळी निघाली तर तो लहानपणी दुसरीकडे होता.

वर्गात हे समजावताना असे उदाहरण घ्यावे. समजा, एक मुलगी मेहकरच्या पठारावर वाढली. तिच्या पहिल्या दाढेत काळ्या पाषाणाचा आकडा बसेल. लग्न होऊन ती नागपूरच्या पूर्वेस गेली. दख्खनचा बेसॉल्ट नागपूर शहराच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, आणि पुढे पूर्वेस फार जुने खडक लागतात. तेथे तिचे आयुष्य गेले तर हाडांत मोठा आकडा येईल. दोन हजार वर्षांनी कुणी तिचे अवशेष तपासले तर ती पश्चिमेकडून आलेली हे कळेल. विदर्भातील शिलावर्तुळांपैकी पुष्कळ नेमकी या सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत, म्हणून या पद्धतीला तो प्रदेश सोयीचा आहे.

पण तीच मुलगी नाशिकहून मलकापूरला आली असती तर? दोन्हीकडे काळा पाषाणच. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळसुद्धा उत्तरेच्या सातपुड्यातून आणि दक्षिणेच्या अजिंठा रांगांतून आलेला, बहुतांशी बेसॉल्टचाच. आकडा 'स्थानिक' येईल आणि आपण फसू. दाताने 'बाहेरचा' म्हटले तर ते मानावे. 'येथला' म्हटले तर एवढेच समजावे की तो अशाच खडकाच्या प्रदेशातला आहे. आणखी एक भानगड मिठाची. समुद्राच्या पाण्यात हे गुणोत्तर ०.७०९ असते. बाहेरून आलेले समुद्रमीठ भरपूर खाणाऱ्याचा आकडा त्या दिशेला सरकतो. मध्य अमेरिकेत माया लोकांच्या टिकाल या शहरातील दातांचा अभ्यास करताना संशोधकांना हा विचार करावा लागला होता. आपल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचेच पाणी खारट. तेथील दात तपासण्यापूर्वी तेथील पाणी, माती आणि गवत खाणारी जनावरे यांचे आकडे आधी जमवावे लागतील. तो कंटाळवाणा भाग आहे, आणि सगळ्या निष्कर्षाचा भार त्यावरच असतो.

भारतात ही पद्धत हडप्पाकालीन स्थळांच्या सांगाड्यांवर वापरली गेली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हडप्पा व हरियाणातील फरमाणा येथील दातांवरून असे दिसले की काही माणसे इतरत्र जन्मून लहान वयातच नगराकडे आली होती. मोठ्या टोळ्यांनी चाल करून येणे यापेक्षा हे चित्र निराळे आहे. पोरवयात कुणाच्या तरी घरी राहायला येणे, हेही स्थलांतरच.

महाराष्ट्रात सांगाड्यांचा सर्वांत समृद्ध साठा इनामगावचा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८२ पर्यंत तेथे उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवलेली, मोठी माणसे उत्तर-दक्षिण निजवलेली आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली. मेलेले माणूस चालत निघून जाऊ नये म्हणून असावे, असा तर्क केला गेला. पाच खोल्यांच्या एका घराच्या आवारात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा. डॉ. जॉन लुकाच व डॉ. सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांतून दात किडण्याचे प्रमाण, मुलांची वाढ, उपासमारीच्या खुणा हे सारे कळले. माणसे कशी जगली हे हाडे कोठून आली यापेक्षा अधिक स्पष्ट सांगतात, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आता तिसरी पद्धत, जिचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते : प्राचीन डी.एन.ए. हाडाच्या पेशींत डी.एन.ए.चे तुटके तुकडे शिल्लक असू शकतात. ते जोडून वाचले तर त्या माणसाचे रक्ताचे नाते इतरांशी ताडून पाहता येते. पण डी.एन.ए.ला उष्णता आणि ओल सोसत नाही. आयर्लंड-जर्मनीच्या थंड जमिनीत जे टिकते ते आपल्या उन्हाळ्यात व काळ्या मातीत टिकणे अवघड. त्यातल्या त्यात अंतर्कर्णाभोवतीचे हाड, शरीरातील सर्वांत टणक, ते बरे टिकते. हरियाणातील राखीगढी येथे डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूने ६१ नमुने तपासले. त्यांपैकी उपयोगी डी.एन.ए. मिळाला तो एकाच स्त्रीचा. तिचा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या वारशात इराणकडील प्राचीन लोकांशी दूरचे नाते असणारा एक प्रवाह आणि दक्षिण आशियातील मूळ शिकारी लोकांचा दुसरा प्रवाह मिळाला. युरेशियातील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा प्रवाह मिळाला नाही. तो पुढे, इ.स.पू. २००० नंतर, उपखंडात आलेला दिसतो, असे त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने सांगितले. यावरून सभांतून आणि वृत्तपत्रांतून किती वाद झाला हे वाचकांना ठाऊक आहे. एका स्त्रीच्या कानाच्या हाडाने एवढे ओझे उचलावे हे थोडे जास्तच होते.

डी.एन.ए. आपल्याला कसे चकवते याचे उत्तम उदाहरण उत्तराखंडातील रूपकुंड. तळ्याकाठचे शेकडो सांगाडे एकाच गारपिटीत सापडलेल्या यात्रेकरूंचे, अशी समजूत होती. २०१९ मध्ये ३८ जणांचे डी.एन.ए. वाचले गेले. २३ जण भारतीय वारशाचे, पण १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे निघाले आणि एक आग्नेय आशियातला. काळही वेगवेगळे : भारतीय गटातले इ.स. ८०० च्या मागेपुढे, भूमध्यसागरी गटातले इ.स. १८०० च्या सुमारास. ग्रीस-क्रीटकडची माणसे हिमालयाच्या त्या तळ्यापाशी काय करीत होती, हे हाडे सांगत नाहीत.

मग खुद्द केल्टांचे काय झाले? २०२४ मध्ये नैर्ऋत्य जर्मनीतील आरंभीच्या केल्टिक काळातील ३१ जणांचे डी.एन.ए. प्रसिद्ध झाले. सुमारे दहा किलोमीटर अंतरावरच्या दोन वैभवशाली थडग्यांतील पुरुष हे मामा-भाचे असावेत असे निघाले. म्हणजे मान आणि सत्ता आईकडून जात असावी. ब्रिटनकडे पाहिले तर इ.स.पू. १००० च्या सुमारास आजच्या फ्रान्सच्या बाजूने बरेच लोक दक्षिण इंग्लंडात आले आणि मिसळले, असे २०२२ च्या अभ्यासाने दाखवले. केल्टिक भाषा त्यांच्याबरोबर आल्या असाव्यात. 'असाव्यात' एवढेच म्हणायचे, कारण मेलेल्या माणसाच्या हाडातून भाषा ऐकू येत नाही. केल्ट हे नाव भाषेचे आणि कलेचे. ते रक्ताचे नाव आहे असे गृहीत धरल्यामुळेच टेलरसाहेबांची फसगत झाली.

हे सगळे सांगून झाल्यावरही मुलगा म्हणेल, पण माझे पूर्वज कोण? त्याला फळ्यावर एक हिशेब करायला लावावा. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजोबांच्या पिढीत आठ. दहा पिढ्या मागे १,०२४. वीस पिढ्या मागे १०,४८,५७६. तीस पिढ्या मागे १,०७,३७,४१,८२४. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे, देवगिरीच्या यादवांचा काळ. त्या वेळी सगळ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटींहूनही कमी होती. एका मुलाला शंभर कोटींवर पूर्वज कोठून मिळणार? मुले येथे गोंधळतात आणि गोंधळू द्यावीत. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतेच, की तेच तेच लोक पुन्हा पुन्हा मोजले गेले असतील. बरोबर. वंशवृक्षाच्या फांद्या मागे जाताना एकमेकींत मिसळतात. सिंदखेडराजाचे जाधव आपली वंशावळ देवगिरीच्या यादवांशी जोडतात. त्या कागदावर बापाची एक ओळ असते. हिशेबाने पाहिले तर त्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलाच्या कोट्यवधी फांद्यांपैकी एखादी देवगिरीला पोचत असण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि एखादी देवगिरीच्या गवंड्याकडेही.

शिवाय बारा-पंधरा पिढ्यांपलीकडील बहुसंख्य पूर्वजांच्या डी.एन.ए.चा एकही तुकडा आपल्यापर्यंत आलेला नसतो. आईकडून येणारा तंतुकणिकांचा डी.एन.ए. त्या १,०२४ पूर्वजांपैकी एकाच स्त्रीची गोष्ट सांगतो, आणि मुलांमधील वाय गुणसूत्र एकाच पुरुषाची. पैसे भरून थुंकी पाठवली की 'तुम्ही इतके टक्के अमुक' असे कागद हल्ली येतात. ते वाचताना उरलेले १,०२२ जण आठवावेत.

राहिला आपल्या जिल्ह्याचा भाग. जुन्या लोकांनी गावाची जमीन दोन नावांनी ओळखली : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षे माणसे राहिली की राख, शेण, भिंतींची माती यांनी पांढरीची टेकाडे होतात. संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पूर्णेकाठी डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले, तेव्हा विटांचा स्तूप, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि विटांनी बांधलेला कालवा असे दोन हजार वर्षांहून जुने नगर उजेडात आले. नांदुरा तालुक्यातील जिगाव येथील धरणाच्या पाण्याखाली हे स्थळ जाणार म्हणून ते पुढे चर्चेत राहिले. भोनचे नाव निदान झाले. अनेक पांढऱ्या मात्र नाव न होताच संपतात. शेतात खत म्हणून किंवा घराच्या बांधकामासाठी पांढरीची माती गाड्या भरभरून नेली जाते, आणि त्यात मडकी, मणी व हाडे जातात.

अशा मातीत हाडे दिसली तर शिक्षकांनी मुलांना ती उचलू देऊ नयेत. हाड जेथे आहे तेथली माती, त्याची दिशा, त्याशेजारचे मडके यांतच त्याचा बराचसा अर्थ असतो. कपाटात आणून ठेवलेल्या कवटीला जन्मतारीख नसते. उघड्या हातांनी हाताळल्यास आपला डी.एन.ए. त्यावर चढतो तो वेगळाच. जागा मोकळी सोडून तहसीलदारांना व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे, छायाचित्र घेताना शेजारी फूटपट्टी ठेवावी. गावकऱ्यांनाही आधी विचारावे. ती कुणाची तरी माणसे आहेत आणि त्यांचे वारस कदाचित समोरच उभे असतील. नागा लोकांच्या पूर्वजांच्या कवट्या शंभरावर वर्षे इंग्लंडच्या संग्रहांत पडून होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांतली शिंगे लावलेली एक कवटी लिलावाला काढली गेली, तेव्हा नागालँडमधून निषेध झाला आणि ती लिलावातून मागे घेण्यात आली.